कैऱ्या पुसल्या होत्या, मामाजी

मामाजी, कैऱ्या पुसल्या होत्या.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. काल रविवार होता. जेवणं आटोपली, भांडी झाली आणि सवयीने मी लॅपटॉप दिवाणावर ठेवला. लावला तो तीन बहिणींचा लोणच्याचा सिनेमा. आई गेल्यावर तिघी माहेरच्या घरी जमतात, आईच्या पद्धतीचं लोणचं शेवटचं एकदा घालायचं म्हणून, आणि कैऱ्या चिरता चिरता सगळी जुनी भांडणं बाहेर निघतात, तो. माझा सगळ्यात आवडता. तुम्ही तो दोनदा पाहिलात आणि दोन्ही वेळा एकाच जागी मान हलवलीत.

"पाह्य मंदा, कैऱ्या धुतल्या अन् तशाच कापाले घेतल्या. पुसल्याच नाही. पान्याचा अंश राह्यला की लोनचं बुरसलं समज."

"सिनेमा लोणच्याचा नाही मामाजी, बहिणींचा आहे."

"असन. पन मंग वर्सभर खातीन काय त्या बहिनी?"

काल तो प्रसंग मी थांबवून थांबवून पाहिला. मोठी बहीण विळ्यापाशी बसली आहे आणि कॅमेरा तिच्या हातांवर आहे. पण मागे, दाराच्या उजेडात, धाकटी पाठमोरी बसली आहे. तिचे खांदे हलतात, म्हणून आपण दोघं समजत होतो की ती रडते आहे. रडतही असेल. पण तिच्या मांडीवर पांढरं फडकं आहे, आणि ती एकेक कैरी कोरडी करून टोपल्यात टाकते आहे.

"मामाजी, पुसल्या होत्या!" मी मोठ्याने म्हणाले. बाहेर ओट्यावर तुमचा मुलगा सुनील बसला होता. त्याने विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली?" मी म्हटलं, कोणाशी नाही. दोन वर्षं चाललेला वाद मी जिंकले आणि जिंकल्याचं सांगायला घरात माणूस नाही, हे त्याला कसं सांगणार. म्हणून हे लिहायला बसले.

मी सोनाळ्याहून तुमची सून होऊन देऊळघाटला आले, तेव्हा या घरात बाईमाणूस नव्हतं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. स्वयंपाकघर तुमचं होतं. आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत लग्नाचा स्वयंपाक म्हटला की तुम्ही. पाचशे पानांची आलू-वांग्याची भाजी तुम्ही एकट्याच्या अंदाजाने उतरवायचात. घरचंही तुम्हीच करायचात. लग्नानंतर पहिल्या सोमवारी मी पदर खोचून आत आले, तर तुम्ही कणीक मळत होतात. "तुही शाळा किती वाजता हाये?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. "मंग तू तयारी कर. डबा मी भरतो." शाळेतल्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींना मी हे सांगायचे तेव्हा त्यांना खोटं वाटायचं.

पण आपण बोलत नव्हतो. तुम्ही सासरे, मी सून. पहिली तीन वर्षं आपल्यात मीठ वाढू का, पोळी घेऊ का, एवढंच झालं. मग तुम्हाला तो ताप आला. आठ दिवस अंथरुणात होतात. उठलात, पुन्हा चुलीपाशी उभे राहिलात आणि सगळं आधीसारखं झालं असं आम्हाला वाटलं. फक्त एक बदल होता. भाजी उतरवण्याआधी तुम्ही चमचाभर माझ्यापुढे धरायचात. "पाह्य बरं जराशी." मला वाटायचं, सुनेचा मान वाढला.

चार महिन्यांनी एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. फाटकातच गॅसचा वास आला. आत धावले तर तुम्ही शेगडीला लागून स्टुलावर बसून मेथी निवडत होतात. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू. मला पाहून तुम्ही उठलात, म्हणालात, "आली काय? चहा ठेवतो," आणि माचिस उचललीत.

मी आयुष्यात तुमच्यावर एकदाच ओरडले ते तेव्हा. माचिस हातातून हिसकली, बटण बंद केलं, खिडक्या-दारं उघडली. तुम्ही जागचे हलला नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात आणि अगदी हळू विचारलंत, "लय वास येऊन राह्यला काय?"

"तुमाले येत नाही?"

"तापापासून नाही येत. तिखट, मीठ, आंबट तेवढं समजते. बाकी समदं मातीसारखं लागते." मग बराच वेळ तुम्ही मेथीच्या काड्या गोळा करत बसलात. "कोनाले सांगू नको, मंदा. सुनीललेबी नाही. आचाऱ्याचं नाक गेलं म्हनल्यावर कोन बोलावते त्याले?"

मी हो म्हटलं. माचिस अजून माझ्या मुठीत होती; तेव्हा कशालाही हो म्हणाले असते.

बुलढाण्याला डॉक्टरकडे मी तुम्हाला गुडघे दाखवायला म्हणून नेलं. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल, नाहीतर नाही. बाहेर येऊन तुम्ही चष्मा नाकावर सरकवलात. "चला, चष्मा टेकवाच्या तरी कामाचं हाये." मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. तुम्ही म्हणालात, "हास. म्याच म्हनलं ना?" एसटीत बसून परत येताना आपण पहिल्यांदा सबंध रस्ताभर बोललो.

त्यानंतर तुम्ही लग्नाची कामं घेणं बंद केलंत. कारण गुडघे. सगळ्यांना पटलं.

सिनेमाचं त्याच पावसाळ्यात सुरू झालं. मी रविवारी दुपारी एकटीच काहीतरी परदेशी पाहत बसले होते. बर्फाच्या मुलखातली एक म्हातारी, गावातली एकुलती एक भट्टी तिची, सगळ्या गावाचे पाव ती भाजते. तुम्ही पाणी प्यायला म्हणून आत आलात आणि तांब्या हातात तसाच धरून दारात उभे राहिलात.

"हे बाई इतल्या भट्टीपुढं उभी हाये, अन् हिच्या कपाळावर घाम काऊन नाही?"

"तिकडे थंडी असते ना मामाजी."

"भट्टीपुढं कायची थंडी?" आणि तुम्ही खाली चटईवर बसलात.

मग दर रविवारी. पडद्याखालच्या पट्टीतले शब्द मी वाचून दाखवायचे. पहिल्यांदा पुस्तकी वाचायचे, पण तुम्ही कंटाळायचात, म्हणून हळूहळू सगळे परदेशी लोक सोनाळ्याच्या बोलीत बोलायला लागले. जहाजावरच्या आचाऱ्याचा तो सिनेमा आठवतो? वादळात चाळीस माणसं, बटाटे सडलेले, पाणी संपत आलेलं, आणि तो एकटा भटारखान्यात भांडी दोरीने बांधून रांधतो. त्याचा कप्तान आत येऊन ओरडला, आणि मी वाचलं, "अबे, आलू संपले काय?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. पण त्या आचाऱ्याला तुम्ही मानलंत. "हा खरा गडी हाये. हा जागा इचारत नाही, सामान इचारत नाही. जे हाये त्याच्यात मान्सं जेवू घालते." तो सिनेमा आपण किती वेळा पाहिला, आठवत नाही.

मोठ्या हॉटेलात रांधणाऱ्या त्या पोरीचा सिनेमा मात्र तुम्हाला कधीच आवडला नाही. परातीएवढी पांढरी ताटली, तिच्या मधोमध लिंबाएवढा घास आणि वर एक पान. "हे काय व? पाहुना उठून जाईन ना!" मी म्हणायचे, ती कला आहे, पोट भरण्यापलीकडे अन्नाचं काही असतंच की. तुम्ही म्हणायचात, पोट भरल्यावर मग काय पाहिजे ते पलीकडे जा. आणि शेवटी तिच्या हातचं खायला आलेला तो मोठा माणूस पहिला घास घेतो, डोळे मिटतो, त्याच्या गालावर पाणी येतं, तिथे तर तुम्ही चटईवरून उठायचातच. "इतल्या पंगती वाढल्या म्या. घास खाऊन रडनारा मानूस पाह्यला नाही. खाल्लं की मान्सं भात मांगतात." हा वाद मिटला नाही. मला अजूनही वाटतं तुम्ही चुकत होतात. भात मागणं हेही डोळे भरून येण्यासारखंच असतं, हे तुम्हाला कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

एकदा मी विचारलं होतं. मनात बरेच दिवस होतं. ज्याचं नाक गेलं, त्या माणसाने दर रविवारी दोन-दोन तास उकळणाऱ्या कढया का पाहाव्यात? त्रास होत नाही का?

तुम्ही पडद्याकडेच पाहत होतात. म्हणालात, "इथं कोनालेच वास येत नाही, मंदा. तुलेबी नाही. जेवढं तुले दिसते तेवढंच मले दिसते. इथं मी पुरा आचारी हावो."

तेव्हा तुमचा हात धरावासा वाटला होता. सुनेने सासऱ्याचा हात धरायचा नसतो, म्हणून नाही धरला. पुढे दवाखान्यात धरला, पण तेव्हा तो नाडी पाहण्यासाठी होता.

त्याच दिवसांत तुम्ही मला वास शिकवायला लागलात. फोडणी टाकायचात आणि विचारायचात, "सांग." मी म्हणायचे, छान वास येतोय. "छान म्हंजे काय? लसूनचा कच्चेपना गेला काय? मसाल्याले तेल सुटलं काय? खोबरं भाजलं की जळाले आलं?" मला शब्दच सापडायचे नाहीत. वर्गात चाळीस पोरांना मराठी शिकवणारी मी, वासापुढे मुकी व्हायचे. मग हळूहळू यायला लागलं. ओल्या मातीसारखा, गरम पितळेसारखा, शेंगा भाजल्यासारखा. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "हाव, आता उतरव." भाजी नेमकी झालेली असायची. स्वयंपाक मला माझ्या आईने शिकवला. पण नाक दिलं ते तुम्ही, तुमचं गेल्यावर.

आणि आता शेषराव काकांच्या नातीचं लग्न. इथे मला तुम्हाला काही सांगायचं आहे.

शेषराव काका तुमचे लहानपणापासूनचे दोस्त. ते घरी येऊन बसले, म्हणाले, "गुडघे-बिडघे काही सांगू नको. खुर्चीवर बस, पन माह्या नातीची भाजी तूच करशीन." तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत. काका गेल्यावर मी म्हटलं, त्यांना तरी खरं सांगून टाका. तुम्ही रागावलात. "सांगाचं असतं तर तुले काऊन सांगतलं असतं कोनाले सांगू नको म्हून? तू राह्यशीन ना बाजूले? मंग झालं."

लग्नाच्या दिवशी मी तुमच्या बाजूला होते. पण दोन गोण्या कांदा चिरला जात होता, तीन चुलांगणांचा धूर एकाच दिशेने येत होता, आणि तासाभरात माझं नाक पार बंद झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. चुलांगणावरच्या मोठ्या गंजात वांगी पडली आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता विचारलंत, "सांग."

मी तुमच्या कानाशी म्हटलं, "मामाजी, मलेच काही येऊन नाही राह्यलं."

तुम्ही मग लांब दांड्याचा सराटा हातात घेतलात, डोकं तिरपं केलंत आणि गंजाकडे कान दिलात. माणसं ओरडत होती, बँडवाले आले होते, आणि तुम्ही त्या भाजीचं ऐकत उभे होतात. पाणी घाला म्हणालात, आच ओढा म्हणालात, सराटा तळाशी फिरवून पाहिलात. दोन गंज उत्तम उतरले. तिसरा खालून लागला. फार नाही. पण लागल्याचा वास मला आला नाही आणि तुम्हाला येणार नव्हताच. पंगतीत एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "भाजी लागली व जराशी."

तुम्ही ते ऐकलंत. हात धुतलात, रुमालाला पुसलात आणि सरळ मांडवात शेषराव काकांपुढे जाऊन उभे राहिलात. मी मागेच होते.

"शेषराव, चूक माही हाये. माह्या नाकाले वास येत नाही. दोन वर्सं झाले. तुले सांगाले पायजे होतं."

काकांनी तुमच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात अक्षतांचं ताट होतं. ते म्हणाले, "अबे, म्या तुले आवतन देल्लं होतं. तुह्या नाकाले देल्लं होतं काय? चाल, जेवाले बस."

तुम्ही हसलात, मामाजी. आणि मग उपरणं तोंडाला लावून कितीतरी वेळ मंडपाच्या खांबाकडे तोंड करून उभे राहिलात. घरी परतल्यावर सुनीलला तुम्ही स्वतःच सांगितलंत. त्यानंतर गावात सगळ्यांना उघड सांगायला लागलात, "माह्या नाकाले सुटी हाये, वास सूनबाई घेते." पुढच्या वर्षभरात पाच लग्नांचा स्वयंपाक आपण दोघांनी केला. तुम्ही किती हलके झाला होतात! मला नेहमी म्हणायचात, "शेषरावसारखा मानूस नाही. त्याले काहीच मालूम नव्हतं, तरी एका शब्दानं मले वाचवलं."

त्यांना माहीत होतं, मामाजी. लग्नाच्या आठ दिवस आधी मी शाळेतून परस्पर त्यांच्या घरी गेले होते आणि सगळं सांगितलं होतं. मला भीती वाटली होती. पाचशे माणसं, खवट तेलाचा एखादा डबा, नासलेलं खोबरं, काही झालं असतं तर? मी तुमचा शब्द मोडला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक हाये. तू मले काही सांगतलं नाही. सामान मी सोता पाहून घेतो."

तुम्हाला सांगायचं कितीदा ठरवलं. पण तुम्ही ती गोष्ट इतक्या आनंदाने लोकांना सांगायचात की माझं तोंड उघडायचं नाही. तुमच्या तेरवीला काका कोपऱ्यात बसले होते. मी पाणी द्यायला गेले आणि विचारलं, "काका, तुमी मामाजीले कधी सांगतलं काय?"

"नाही. तू?"

"मीबी नाही."

त्यांनी पाणी प्यायलं, पेला परत दिला. "मंग आता राहू दे." पण मला नाही राहू द्यावंसं वाटलं. रागावायचं असेल तर रागवा. तो राग मला घरात चालेल.

दवाखान्यातले शेवटचे सहा दिवस. छातीत पाणी झालं होतं, बोलताना तुम्हाला दम लागायचा. वॉर्डात मोबाइलला रेंज नव्हती, आणि कानात वायरी घातलेल्या तुम्हाला खपत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणालात, "सांग एखांदा." मी आठवतील ते सिनेमे तोंडी सांगायला लागले. जहाज झालं, पाववाली झाली. ते संपले, तेव्हा मी एक आपल्या मनाने रचला.

एक आचारी असतो. लांबच्या गावाहून लग्नाचं आवतन येतं. तो आपला झारा-सराटा घेऊन तिथे पोचतो, तर कळतं, सकाळीच लग्न मोडलं. मांडव रिकामा, किराणा भरलेला, मुलीचा बाप भिंतीला टेकून बसलेला. कोणी कोणाशी बोलत नाही.

"पानं किती?" तुम्ही विचारलंत. डोळे मिटलेले.

"पाचशे."

"वांगे आनले होते काय?"

"हो. चार पोते."

"मंग वांगे काही थांबत नाही." दम खाऊन म्हणालात, "सांग पुढं."

मी सांगितलं. आचारी कोणाला न विचारता चूल पेटवतो. फोडणी बसते. आजूबाजूला उभी असलेली माणसं एकेक करून चुलांगणापाशी येतात, कोणी लाकूड सरकवतं, कोणी पाणी आणतं. शेवटी सगळ्या गावाला जेवायला बोलावणं जातं.

"पोरगी काय करते?"

याचा मी विचारच केला नव्हता. म्हटलं, "ती आत बसलेली असते. मग बाहेर येते, अंगावर हळद तशीच. वाढायची बादली उचलते आणि पंगतीत शिरते."

"शाबास." तुमचे ओठ हलले. मग सलाईनची बाटली बदलायला नर्स आली आणि गेली. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आचारी कधी जेवते?"

"सगळ्यात शेवटी."

"त्याले वाढते कोन?"

"तीच पोरगी. पाटावर बसवते. नको म्हटलं तरी वाढते."

तुम्ही डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलंत. "चव लागते त्याले?"

"लागते, मामाजी. पुरी लागते."

"मंग पाह्यन्यासारखा हाये," तुम्ही म्हणालात, आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतलीत.